होल्ड ऑन!

दोस्तांनो, इंग्रजीतल्या दोन चिमुकल्या शब्दांनी एकदा माझी चांगलीच फजिती केली होती. फजिती म्हणजे काय, पाय मोडायचाच बाकी राहिला होता!

१९९२ सालची गोष्ट. मी पनवेलला मराठी शाळेत नववीत होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा-सात जणी आणि एका मैत्रिणीचे काका, असे कर्नाळ्याला निघालो. एस.टी. स्टँडवर पेणची गाडी पकडली. वाटेत शिरढोण लागलं. वासुदेव बळवंत फडके यांचं गाव ते! काकांनी सगळ्यांना खिडकीतून हात जोडायला लावले. मग थोड्या वेळाने अभयारण्याच्या फाटकाशी उतरलो. पक्ष्यांचं हे अभयारण्य १९६८ सालचं. किल्ल्याची वाट त्यातूनच वर चढते. अंगठ्यासारखा तो सुळका खालून अगदी जवळ दिसतो. चालायला लागलं की मात्र हा पुढे पुढेच सरकतो की काय, असं वाटायला लागतं.

शेवटचा चढ खडकाळ होता. मी सगळ्यांच्या पुढे (मोठा पराक्रम!), डाव्या हाताने खडकातली एक खाच धरलेली. वरून एक परदेशी पाहुणे उतरत होते, गळ्यात दुर्बीण. मध्येच ते थबकले आणि ओरडले, "होल्ड ऑन!"

आता 'होल्ड ऑन' मला का ठाऊक नव्हतं? आमच्या घराखालीच एस.टी.डी.चा बूथ होता. तिथे येणारे मोठे लोक रिसीव्हर कानाला लावून दिवसभर 'होल्ड ऑन, होल्ड ऑन' करायचे. होल्ड ऑन म्हणजे थांबा! मी थांबले. नुसती थांबले नाही, तर खाच सोडून, हाताची घडी घालून, शहाण्या मुलीसारखी उभी राहिले.

"होल्ड ऑन टाइट! टाइट!" पाहुणे जिवाच्या आकांताने ओरडले.

'टाइट' हा शब्द मात्र आपलाच की हो! सायकलवाल्याकडे रोज ऐकलेला. मी झटकन खाच पकडली आणि त्याच क्षणी नारळाएवढा एक दगड माझ्या पोटरीला घासून खाली गेला. पाय सटकलाच. पण हात घट्ट होता, म्हणून आज तुम्हांला ही गोष्ट सांगायला मी आहे.

सुट्टी संपल्यावर मी आमच्या इंग्रजीच्या बाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, होल्ड म्हणजे धर, ऑन म्हणजे वर. मग त्याचा अर्थ थांब होतो की धरून ठेव?"

"दोन्ही होतो," बाई म्हणाल्या. "शेजारी 'अ मिनिट' आलं की थांब, आणि 'टाइट' आलं की घट्ट धर. अगं, त्या गृहस्थांनी तुला क्रियाविशेषण दिलं, म्हणून तू वाचलीस!"

"पण बाई, एका शब्दाचं काम दोन शब्द कशाला करतात? आणि तेही असं फसवून?"

बाई हसल्या. "तुझी आई म्हणते ना, 'डबा खाऊन टाक'? मग तू डबा कुठे टाकतेस?"

मला उत्तरच सुचेना. खरंच, 'खाऊन टाक'मध्ये कोणी काही टाकत नाही. 'विसरून गेले'मध्ये कोणी कुठे जात नाही, आणि 'बोलून बसले' म्हणणारी खुशाल उभी असते! 'टाक', 'जा', 'बस' ही क्रियापदं आपला मूळ अर्थ घरी ठेवून दुसऱ्याच्या मदतीला येतात. इंग्रजीत हेच काम 'अप', 'ऑफ', 'ऑन', 'डाउन' हे बुटके शब्द करतात. 'ईट अप' म्हणजे वर बघून खा नव्हे, तर 'खाऊन टाक'! 'ड्रिंक अप' म्हणजे 'पिऊन टाक'. अशा जोड्यांना 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. हे नाव रूढ केलं लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात, आणि त्याला ते सुचवलं होतं ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. जोड्या मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडात होत्या.

आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकलो. (पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली.) पुस्तकी इंग्रजीमुळे 'पोस्टपोन' आम्हांला यायचं, 'पुट ऑफ' म्हटलं की आम्ही गप्प! या जोड्यांच्या याद्या पाठ करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सकाळी पाठ, संध्याकाळी सपाट. शेवटी बाईंच्या त्या डब्यानेच मला वाट दाखवली.

खरी गंमत पुढे आहे. या जोडीत क्रियाविशेषण कुठे बसवायचं? आधी मराठीत करून बघा. 'हळूच फेकून दे' हे बरोबर. पण 'फेकून हळूच दे' म्हटलंत तर? ऐकणारा विचारेल, काय फेकू आणि काय देऊ? जोडी फुटली की अर्थही फुटला! इंग्रजीतही तसंच. 'ही फायनली गेव्ह अप' म्हणा, 'ही गेव्ह अप फायनली' म्हणा, दोन्ही चालतं. पण 'ही गेव्ह फायनली अप' म्हणालात, तर इंग्रज माणूस कपाळाला हात लावेल. पनवेल तालुक्यातल्या नव्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तिथलं विमान 'टुक ऑफ स्मूथली' असं उडतं. 'टुक स्मूथली ऑफ' असं कधीच उडत नाही.

मग जोडीच्या मधे कोणालाच शिरू देत नाहीत का? देतात, पण ओळखीच्यांनाच. 'इट', 'देम' यांच्यासारख्या सर्वनामांना तर मधेच बसावं लागतं: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' ही आपल्याकडची अगदी हमखास चूक. आणि दुसरे पाहुणे म्हणजे 'राइट' आणि 'स्ट्रेट'. 'कम राइट इन' म्हणजे सरळ आतच ये. हा 'राइट' म्हणजे बरोबर नव्हे, उजवा तर नव्हेच. तो आपला 'च' आहे! आपण नाही का म्हणत, 'फेकूनच दे'? मात्र 'राइट' बहुधा आत-बाहेर, वर-खाली अशी खरीखुरी दिशा असेल तिथेच शिरतो. 'गिव्ह अप'मध्ये काही वर जात नाही, म्हणून तिथे त्याला सहसा दार बंद. आपला 'च' जास्त दिलदार. 'विसरूनच गेले' इथेसुद्धा तो खुशाल जाऊन बसतो.

एक सांगते, या जोड्या एकट्या कधी वाचू नका, शेजारी कोण उभं आहे ते बघा. 'टर्न अप'च्या शेजारी 'व्हॉल्यूम' असेल तर आवाज वाढवायचा आहे. आणि 'लेट' असेल तर? 'ही टर्न्ड अप लेट' म्हणजे स्वारी उशिरा उगवली! आपण 'उगवली' म्हणतो आणि त्यांचाही 'अप'च, आहे ना मजा? उलट, आपल्याकडची मुलं कॉलेज संपल्यावर 'आय पास्ड आउट रीसेंटली' असं ऐटीत सांगतात. लष्करी अकादमीतल्या कॅडेटने हे म्हटलं तर ठीक. एरवी परदेशातला ऐकणारा घाबरून पाणी आणायला धावेल, कारण त्याला कळतं, 'मला नुकतीच भोवळ आली होती'. माझी स्वतःची ही चूक कॉलेजनंतरही दोन वर्षं चालू होती. कोणी पाणी आणलं नाही, एवढंच!

गेल्या वर्षी भाचीला घेऊन पुन्हा कर्नाळ्याला गेले होते. ती पहिलीपासून इंग्रजी शिकलेली, चुरूचुरू बोलणारी. त्याच खडकाळ चढावर ती माझ्या पुढे होती. एकदम मागे वळून ओरडली, "मावशी, होल्ड ऑन!"

शेजारी ना 'टाइट', ना 'अ मिनिट'! मी थांबलेही आणि दोन्ही हातांनी खडकही घट्ट धरला. डोळेसुद्धा मिटून घेतले.

"अगं मावशी, असं काय करतेस?" ती म्हणाली. "फोटो काढतेय. जरा हस की!"