गुरूला दुरुस्त करणारा शिष्य

माझी मुलगी नांदेडला दहावीत आहे. तिला लातूरला जाऊन अकरावी सायन्स करायचे आहे. मी बी.कॉम. झालेला कारकून. म्हणालो, "ते आपल्याला झेपायचं नाही." ती म्हणाली, "पप्पा, आधी बघा तरी!" उलट बोलली म्हणून मी रागावलो.

त्याच रात्री ती आठवीतल्या भावाला अणूचा धडा समजावून सांगत होती. १८०८ साली डाल्टनने मांडले, अणू फुटत नाही. १८९७ साली थॉमसनला अणूहून लहान इलेक्ट्रॉन सापडला. अणू हा धनभाराचा गोळा, त्यात इलेक्ट्रॉन रुतलेले, असे त्याचे मत. रुदरफोर्ड त्याचाच शिष्य. त्याच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडून पाहिले. बहुतेक आरपार गेले, मोजके मागे फिरले. १९११ साली रुदरफोर्डने सांगितले, अणू बहुतांशी पोकळ, मधोमध इवलेसे केंद्रक. १९१३ साली बोरने त्यातही दुरुस्ती केली. पुढे हेच केंद्रक फोडणारी 'अप्सरा' अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईत ट्रॉम्बेला सुरू झाली.

वाचकहो, शिष्याने तपासून पाहिले, यात गुरूचा अपमान झाला नाही. मग लेकीच्या बोलण्याने बापाचा कसा होईल? सध्या मी लातूरच्या खर्चाचा हिशेब मांडतो आहे. तेवढे मला येते.