नेढं

तंबूच्या मुक्कामाला न्यायला टॉमहॉक ही छोटी कुऱ्हाड घ्यायचं ठरवलं आणि पात्यांपाशीच अडकलो. दांडे दिसायला सगळ्यांचे सारखे, हिकरीच्या लाकडाचे, दीड फुटाच्या आसपास. पाती मात्र तऱ्हेतऱ्हेची. एकाच्या पाठीला अणकुचीदार सुळा, दुसऱ्याच्या पाठीला हातोडी, तिसऱ्याला चक्क चिलीम.

चिलीमवाल्याने मन ओढलं, खोटं कशाला बोलू? एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला धूर. लढाई आणि तह एकाच दांड्यावर. अठराव्या शतकात गोरे व्यापारी आणि अधिकारी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या म्होरक्यांना असे टॉमहॉक नजर करत. पण दांडा आतून पोकळ. त्याने सरपण फोडणं म्हणजे बासरीने नारळ फोडणं. सुळेवाला तर मी उचललाही नाही. घाव घालायला हात वर नेला की सुळा आपल्याच कपाळाकडे बघतो.

मग आठवला १८०४-०५चा हिवाळा. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेली लुईस आणि क्लार्क यांची तुकडी मिसूरी नदीकाठी, तिथल्या मूळ रहिवासी मँडन लोकांच्या शेजाराला होती. पोटाला मका हवा. तुकडीतल्या लोहारांनी भट्टी पेटवली आणि ते मँडनांना हव्या तशा लढाईच्या कुऱ्हाडी घडवून मक्याच्या बदल्यात द्यायला लागले. लुईसने रोजनिशीत त्या कुऱ्हाडीला नावं ठेवली: पातं ७ ते ९ इंच लांब नि अगदी पातळ, दांडा जेमतेम १४ इंच, घाव नेमका बसणार कसा? गिऱ्हाईक ठाम होतं. जळक्या शेगडीच्या चार इंची पत्र्यालाही ७-८ गॅलन मका मिळत होता, तिथे लुईसच्या नापसंतीला कोण विचारतो! त्यातल्या काही कुऱ्हाडी तर डोंगर ओलांडून पलीकडे गेल्या. १८०६ साली परतताना तुकडीला तिथल्या नेझ पर्स लोकांकडे त्या पुन्हा दिसल्या. मला त्या हट्टी गिऱ्हाइकांचंच पटतं. हत्यार कशाला हवं हे ज्याचं त्याला ठाऊक.

मला हवं होतं खुंट्या ठोकायला आणि काटक्या तोडायला. म्हणजे हातोडीचंच पातं. पण जीव जडला तो त्याच्या नेढ्यावर, म्हणजे दांडा घालायच्या भोकावर. आपल्या कुऱ्हाडीचा दांडा खालून घालून वरून पाचर मारतात. इथे दांडा वरून सोडायचा, टिकावाला सोडतात तसा. वरचं टोक जाड, त्यामुळे प्रत्येक घावाला पातं आणखी आवळतं. दांड्याचं बूड दगडावर आपटलं की सुटतं. रानात दांडा मोडलाच तर सरळशी फांदी तोडायची, त्याच पात्याने तासायची आणि बसवायची. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. ही बया तर स्वतःचा दांडा स्वतःच शोधून आणते!

पहिल्याच रात्री सरपण वरून ओलं निघालं. पातं उतरवलं, मुठीत धरलं आणि लाकडाच्या कोरड्या गाभ्याच्या ढलप्या काढत बसलो. कुरळ्या, पातळ. तिसऱ्या काडीला पेटल्या. चहाला मात्र तासभर लागला.