एका शहराची तीन नावे

सीमाभागात वाढलेल्या माणसाला प्रवासात डोंगर-नद्यांच्या आधी पाट्या दिसतात. कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळी, निपाणी, संकेश्वर ही नावे कन्नडात आणि इंग्रजीत येऊ लागतात, आणि देवनागरी कुठे कुठे उरली आहे हे आपण नकळत मोजू लागतो. ही खोड आम्ही युरोपातही सोबत नेली.

आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त सहकुटुंब बेल्जियममधील लुव्हेन येथे राहतात. न्यायालयाच्या उन्हाळी सुटीत आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता, एका शनिवारी सर्वजण मोटारीने पूर्वेकडे निघालो. मागे अकरा वर्षांची पुतणी आणि आठ वर्षांचा पुतण्या. दोघेही शाळेत डच बोलतात, घरी बेळगावी मराठी. आईने 'आहे' म्हटले तर हे 'हाय' म्हणतात, आणि त्याचे आम्हाला कोण कौतुक.

महामार्गावर 'लाउक' या शहराची पाटी होती. उरलेले किलोमीटर मोठ्याने वाचण्याचा खेळ मुलांनी मांडला होता. टीनन मागे पडले आणि थोड्या वेळाने लाउक नाहीसेच झाले. त्याच्या जागी 'लिएज' आले.

"काका, लाउक कुठं गेलं? वाट चुकलो काय आपण?"

वाट बरोबर होती. आम्ही डच भाषेच्या प्रदेशातून फ्रेंच भाषेच्या प्रदेशात शिरलो होतो आणि शहराने नाव बदलले होते. पुढे जर्मनभाषक ऑयपन गावात त्याच शहराचे तिसरे नाव भेटले, 'ल्यूटिख'. तिन्ही नावे एकाच जुन्या नावाची लेकरे. काही ठिकाणी तर नावाचे सरळ भाषांतरच आहे: फ्रेंचांचे 'मों' डचांचे 'बेर्खन' होते, दोन्हींचा अर्थ डोंगर. आपल्याकडे मराठी शब्दाच्या शेवटचा 'अ' उच्चारात गळतो, कन्नडात तो टिकतो. म्हणून आपले कोल्हापूर तिकडे 'कोल्हापुर' होऊन शेवटचा स्वर पूर्ण उच्चारते, आणि निपाणीत एक 'प' वाढून ती 'निप्पाणी' होते. हा दोन भाषांचा स्वभाव झाला. इथवर भांडायला काही कारण नाही. भांडण सुरू होते ते शेजारचे नाव पाटीवरून उतरवले जाते तेव्हा.

हे फूरन येथे पाहावयास मिळाले. सहा लहान खेडी, भोवती कुरणे आणि सफरचंदाच्या बागा. गावाच्या पाटीवर दोन नावे, वर डच, खाली फ्रेंच. आणि फ्रेंच नावावर कोणीतरी रंग फासलेला. पुतणी काही बोलली नाही, पण तिने बापाकडे पाहिले. असा रंग तिने दिवाळीत गावाकडे पाहिलेला होता.

बेल्जियमने 8 नोव्हेंबर 1962 च्या कायद्याने भाषासीमा आखली आणि 1 सप्टेंबर 1963 पासून ती लागू केली. त्यात ही सहा खेडी लिएज प्रांतातून काढून लिम्बुर्ख या डचभाषक प्रांतात घातली गेली. बहुसंख्य रहिवाशांना ते नको होते. तेथील नगराध्यक्ष जोझे हापार यांनी डच भाषेची परीक्षा देण्यास नकार दिला आणि त्या वादात 1987 साली देशाचे मंत्रिमंडळ पडले. बेल्जियमला आदर्श मानून भारावण्याचे कारण नाही, हे इतक्यावरून कळावे.

तरीही वकील म्हणून एका गोष्टीने आम्हाला थांबवले. तेथे भाषेची शिरगणती 1947 साली शेवटची झाली. मोजणे हेच भांडणाचे मूळ झाल्यावर ती बंद केली गेली, आणि ज्या गावांत अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, त्या गावांची नावेच कायद्यात लिहिली. फूरनमधील फ्रेंच माणसाला आपण किती टक्के आहोत, हे सिद्ध करावे लागत नाही. गावाचे नाव यादीत आहे, एवढे पुरते.

आपल्याकडे सातव्या घटनादुरुस्तीने 1956 साली अनुच्छेद 350-अ आणि 350-ब आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण-योजनेत 15 टक्क्यांचा निकष आहे: तेवढी वस्ती असेल तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात. पण टक्का जनगणनेवर अवलंबून, आणि शेवटची जनगणना 2011 ची. मराठीत कागद मागणाऱ्याला आधी आकडा आणावा लागतो. उलट, पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवे हा 2024 चा दंडक मात्र मोजपट्टी घेऊन दारात येतो. (महाराष्ट्रातही मराठी पाट्यांचा कायदा आहे, तेथील कन्नड दुकानदाराला काय वाटत असेल, तेही एकदा विचारावे.)

महाजन आयोगाने 1967 साली निपाणी, खानापूर, नंदगडसह 264 गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले आणि बेळगाव नाकारले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. 2004 चा दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. तो चालूच राहील. तोवर गावनिहाय यादी कायद्यात मागावी, असे आमचे मत आहे. सुविधा मागणे म्हणजे कर्नाटक मान्य करणे, असा आक्षेप काही सहकारी घेतील. न्यायालयात आम्ही रोज 'मूळ हक्कास बाध न येता' असे लिहून तात्पुरता दिलासा मागतो; त्याने कोणाचा दावा बुडालेला आम्ही पाहिला नाही. सीमाभागातील मूल आज चौथीत आहे. निकाल लागेपर्यंत त्याने कोणत्या भाषेतला दाखला हाती धरावा?

दुपारी व्हाल्सच्या टेकडीवर गेलो. तेथे नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी एका खांबापाशी भेटतात. मुले खांबाभोवती धावून मिनिटात तीन देश करून आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. नाका नव्हता, पोलीस नव्हता.

यादीचा मसुदा आम्ही हाती घेतला आहे. वाचकांनी आपल्या गावात मराठीतून मिळालेला शेवटचा सरकारी कागद कोणत्या खात्याचा आणि कोणत्या सालचा आहे, ते घरातील जुन्या पेटीत पाहून ठेवावे आणि कळवावे.