मेदुवड्यातला सूर्य

दोस्तांनो, नकाशात फ्रान्स काढा. दक्षिणेला मार्सेय बंदर दिसतंय? त्याच्या उत्तरेकडे, द्युरान्स नदीच्या परिसरात कादाराश आहे. तिथल्या झाडीत ‘ईटर’ नावाचं अजस्र यंत्र उभं राहतंय. भारतही त्यात भागीदार आहे. यंत्राला बाहेरून वेढणारं पोलादी भांडं आपल्या गुजरातेत, हजिऱ्याला घडलं आणि तुकड्यातुकड्यांनी जहाजातून तिकडे गेलं!

यंत्राच्या आतली पोकळी थेट मेदुवड्यासारखी. तिथे हायड्रोजन १५ कोटी अंशांपर्यंत तापवायचा. सूर्याच्या गाभ्याच्या दहापट! मग हायड्रोजनचे अणू एकत्र येतील आणि ऊर्जा मिळेल. पुढेमागे यातूनच धुराविना वीज करायची आशा आहे.

अशा तापलेल्या वायूला म्हणतात प्लाझ्मा. कुठलंच भांडं त्याच्यापुढे टिकायचं नाही, म्हणून चुंबकांच्या जोरावर त्याला अधांतरी धरायचं. पण हा पाहुणा भारी खट्याळ! कडेला दाब साठला, की कुकरची शिट्टी व्हावी तसा फस्सकन उसळतो. पुन्हा पुन्हा अशा झळा बसल्या, तर आतली भिंत झिजणारच.

उपाय? भिंतीलगत २७ वेटोळी बसवायची. त्यांत वीज सोडली, की कडेचं चुंबकी क्षेत्र किंचित वाकडंतिकडं होतं. साठू पाहणारा दाब हळूहळू पाझरतो आणि शिट्टी होतच नाही! अमेरिकेत सॅन डिएगोच्या छोट्या यंत्रावर ही युक्ती साधल्याचं २००४ साली जाहीर झालं. ईटरची जुळणी पुरी झाली, की खरी परीक्षा.

पक्कं धरायचं, तर थोडी ढील द्यावी लागते. पतंग उडवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला हवं का?