वारूळ नव्हतंच ते

दंड भरावा लागला, त्याचं एवढं काही नाही. पण पत्रातला ‘मुंग्यांची वारुळं तातडीनं काढून टाकावीत’ हा हुकूम आठवला की अजून डोकं तापतं.

नोकरीपायी मध्य फ्लोरिडात आलो, घर घेतलं. घरासोबत हिरवळ आली आणि तिच्यावर नजर ठेवणारी सोसायटीही.

थंडी सरताना हिरवळीत पिवळसर वाळूचे ढीग दिसू लागले आणि सोसायटीचं ते पत्र आलं. वरची वाळू करडी, ही पिवळी, म्हणजे खोलातून आलेली. एवढं तरी कळावं की नाही? फायर मुंग्यांचं वारूळ नुसतं डिवचा, क्षणात पायावर चढतात. मी ढीग काडीनं उकरला. एक मुंगी नाही! खाली सरळ गेलेलं, अंगठा जाईल एवढं बीळ. पुढं एकदा त्याचा मालकही दिसला. जाडजूड भुंगेरा, निळा-जांभळा, धातूसारखा चकाकणारा. पेल्टोट्रुपस प्रोफंडस. फ्लोरिडाबाहेर जगात कुठेच नाही. त्याचं बीळ तीन मीटरपर्यंत खोल जातं. कुळातले कितीतरी भाऊबंद पिल्लांसाठी शेण साठवतात. हा वाळका पालापाचोळा खाली ओढून नेतो, ठासून भरतो आणि त्यावर अळी पोसते.

हे सगळं मी फोटोंसकट सोसायटीला लिहून पाठवलं. उत्तरादाखल तेच पत्र पुन्हा आलं, फक्त तारीख बदललेली. फोन केला. तिथल्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “शेवटी किडाच ना?” नंतर दंडाची चिठ्ठी आली, आणि माणूस येऊन मुंग्या मारायचे दाणे टाकून गेला. पाला भरत बसलेल्या भुंगेऱ्यासाठी मुंग्यांचं आमिष! पैसे आमचेच. कुणी इथं येऊन खाली वाकून पाहिलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

इकडे घर घेणाऱ्यांनी स्वयंपाकघराआधी सोसायटीची नियमावली बघावी. आणि ढीग खुपतच असतील तर दाताळं फिरवावं, पाऊस पडला की उरलेलंही वाहून जातं. मुळात या वाळूवर खुरटे ओक आणि झुडपंच होती. आधी संत्र्याच्या बागा आल्या, मग आमच्यासारख्यांची घरं. तक्रार खरं तर भुंगेऱ्यानं करायला हवी.

अर्थात पाहुणे येणार असले की ढीग मीच सपाट करते. ओट्यापर्यंत वाळू आलेली मलाही चालत नाही. दोन दिवसांनी तो पुन्हा वाळू वर टाकतो, आणि माझी चिडचिड होते.