एका इलेक्ट्रॉनचा फरक

एफ.ई.च्या केमिस्ट्रीच्या ओरलला सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "सोडियम केरोसीनमध्ये बुडवून ठेवतात, पाण्यात टाकलं की पेट घेतं. मग मिठात सोडियम असूनही तू मेसची आमटी रोज कशी खातोस?" मी म्हणालो, "सर, मेसच्या आमटीत मीठ नसतंच." सर हसले, पण मार्क काही दिले नाहीत. खरं सांगायचं तर उत्तर येत नव्हतं म्हणून विनोद केला. अणू न्यूट्रल, आयन चार्ज्ड, ही व्याख्या पाठ होती. पण एक इलेक्ट्रॉन गेल्याने एवढं काय बदलतं, हे डोक्यात शिरलंच नव्हतं.

ते शिरलं टी.ई.च्या दिवाळीत. घरी पोचलो तर आजी मला ओळखेना. दोन दिवस काहीबाही बोलत होती म्हणे. "वय झालं, दुसरं काय," असं सगळे म्हणत होते. मीपण म्हणालो, त्याचं आजही वाईट वाटतं. रक्त तपासलं तर सोडियम ११४. असायला हवं १३५ ते १४५. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीने ते उतरलं होतं.

हॉस्पिटलच्या बाकड्यावर बाबा म्हणाले, "शाळेत आम्हाला सोडियम पाण्यात टाकून दाखवलं होतं, भडका उडाला होता. ते अंगात कसं रे असेल?" तोच प्रश्न! पण या वेळी विनोद करायची सोय नव्हती.

औषधाच्या बिलामागे मी अणू काढला. ११ प्रोटॉन, ११ इलेक्ट्रॉन. शेवटचा इलेक्ट्रॉन बाहेरच्या कक्षेत एकटाच, आणि सोडियमला तो कुणाच्या तरी गळ्यात मारायची घाई. पाण्यात भडका उडतो तो या देण्याघेण्याचा. मिठात तो आधीच क्लोरीनला देऊन झालेला असतो. उरतात १०, निऑनसारखी भरलेली कक्षा, म्हणजे भांडण संपलं. रक्तात असतो तो हा आयन. तो कमी झाला की पाणी पेशींत शिरतं, मेंदूच्या पेशी फुगतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतं.

"मग भराभर चढवा की सलाईन!" बाबा म्हणाले. तेही चालत नाही. सोडियम एकदम वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दिवसाला आठ-दहाच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणून ३ टक्क्यांचं सलाईन थेंबाथेंबाने. आम्ही रात्रभर थेंब मोजत बसलो.

पुढे लायब्ररीत अऱ्हेनियसबद्दल वाचलं. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे आयन सुटे होतात, असं हा स्वीडिश गडी म्हणत होता. १८८४ साली उप्सालाच्या प्रोफेसरांनी त्याच्या प्रबंधाला जेमतेम पास केलं. क्लोरीन सुटा झाला तर पाणी हिरवट का दिसत नाही, अशी लोकांची शंका. बिचाऱ्यांचं तरी काय चुकलं, इलेक्ट्रॉनच सापडला १८९७ ला! अऱ्हेनियसला १९०३ साली नोबेल मिळालं. माझ्या ओरलचं दुःख जरा हलकं झालं.

तिसऱ्या दिवशी आजीने डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलं. "कधी आलास रे? वाळलास किती! मेसमध्ये जेवण धड देतात ना?"

बाबा उठून खिडकीपाशी गेले. मी म्हणालो, "देतात गं. मीठ तेवढं कमी असतं."