पाय कोणीं पाहिले?

वेदना म्हणजे मनुष्याची वैरीण, असें आपण लहानपणापासून समजत आलों. पायांत कांटा मोडला कीं जीव कळवळतो आणि तो निघेपर्यंत दुसरें कांहीं सुचत नाहीं. परंतु हा कळवळाच पायाचें रक्षण करीत असतो. ज्याच्या पायांतून तो नाहींसा झाला आहे, अशा मनुष्याच्या सहवासांत राहिल्यावांचून ही गोष्ट नीटशी ध्यानांत येत नाहीं.

माझा धाकटा बंधु पुष्कळ वर्षांपासून मधुमेही आहे. त्या विकारानें त्याचीं मूत्रपिंडें निकामी केलीं, आणि आतां आठवड्यांतून तीनदां, चार चार तास, त्याला डायालिसिसच्या यंत्राजवळ पडून राहावें लागतें. सोबतीस मी जातों. जन्म वर्गांत बोलण्यांत गेल्यामुळें मला रिकामें बसवत नाहीं. म्हणून तेथील परिचारिकांच्या अनुमतीनें, त्यांनीं मला शिकविलें तेवढेंच, शेजारच्या खाटांवरील रुग्णांस व त्यांच्या घरच्या मंडळींस मी सांगत असतों. विषय एकच: पायांची निगा.

हा विषय क्षुल्लक नव्हे. मधुमेहानें पायांचे मज्जातंतु बधिर होतात, आणि मूत्रपिंडें थकल्यावर रक्तांत सांचणारीं दूषित द्रव्यें त्यांस अधिकच दुर्बल करतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना सांचून त्या कठीण व अरुंद होतात, त्यामुळें जखम भरून येण्यास लागणारें रक्त पावलापर्यंत पुरेसें पोंचत नाहीं. यंत्रावर असतां रक्तदाब उतरला, तर तो प्रवाह आणखी मंदावतो. अंगांत पाणी सांचून पाय सुजले, म्हणजे काल नीट बसणारा जोडा आज चावतो, आणि चावलेला मात्र कळत नाहीं. अशा रुग्णाचा साधा फोडही पाय कापण्यापर्यंत मजल गांठूं शकतो.

आपल्या पूर्वजांस हें अगदींच अज्ञात नव्हतें. चरकसंहितेंत प्रमेहाच्या पूर्वचिन्हांत हातापायांचा दाह व सुप्तता सांगितली आहे. सुप्त म्हणजे निजलेला. शब्द किती नेमका आहे! मात्र निर्धन व निराधार प्रमेह्यानें पादत्राणांवांचून शंभर योजनें चालावें, असेंही सुश्रुतसंहितेंत आहे. ग्रंथाविषयीं पूर्ण आदर ठेवूनही मी रुग्णांस सांगतों कीं, ज्याचा पाय बधिर झाला आहे त्यानें हा उपचार करूं नये. अनवाणी तर घरांतही चालूं नये. चैत्र-वैशाखांत तापलेल्या फरसबंदीवर घातलेल्या प्रदक्षिणेनें आलेले फोड मीं या डोळ्यांनीं पाहिले आहेत.

बधिरपणाचें खरें स्वरूप उकलण्यांत डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वांटा आहे. हे इंग्रज शस्त्रवैद्य जन्मले भारतांतच, आणि १९४६ सालीं वेल्लोर येथें काम करण्यास आले. कुष्ठरोग्यांचीं बोटें रोगानें आपोआप झडतात, अशी तेव्हां समजूत होती. त्यांनीं दाखविलें कीं, चटके, घांसणें आणि न कळलेल्या जखमा हींच बोटांच्या नाशाचीं कारणें होत. रात्रीं झोंपेंत उंदीर बोट कुरतडून जाई आणि रोगी जागा होत नसे! पुढें अमेरिकेंत असतां हेंच तत्त्व त्यांनीं मधुमेह्यांच्या पायांस लावलें.

तात्पर्य, त्वचेचें काम आतां डोळ्यांनीं करावयाचें. पण कोणाच्या डोळ्यांनीं? मधुमेहानें रुग्णाची दृष्टीही मंदावलेली असते, कंबर वांकत नाहीं, आणि यंत्रावरून उठल्यावर तो थकून गेलेला असतो. तेव्हां घरांतील दुसऱ्या कोणीं तरी रोज पाहिलें पाहिजे. येथेंच आमच्या एकत्र कुटुंबाची परीक्षा आहे. आमच्या समोरच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ असत. घरांत बारा-चौदा माणसें. सुना, नातवंडें सणावारीं वांकून त्यांच्या पायां पडत. परंतु करंगळीमागचा काळा डाग एकाच्याही दृष्टीस पडला नाहीं. दुसरा पाहत असेल, असें प्रत्येकास वाटलें. बारभाईंच्या या कारभारांत त्यांचा पाय गुडघ्याखालीं गेला.

दुसरी अडचण संकोचाची. मीं पहिल्यानें बंधूचें पाऊल हातीं घेऊं लागलों, तेव्हां त्यानें तें झटकन् ओढून घेतलें. म्हणाला, “दादा, तूं माझ्या पायाला हात लावायचा नाहींस. मला पाप लागेल.” मीं म्हटलें, “लहानपणीं तुझ्या पायांतले कांटे मीच काढीत होतों ना? तेव्हां लागलें नाहीं तें पाप आतां कोठून लागणार?” तो कांहीं बोलला नाहीं, पाऊल मात्र त्यानें पुढें केलें. पुढें महिन्याभरांतच एका संध्याकाळीं त्याच्या पांढऱ्या मोज्यावर मला रक्ताचा ठिपका दिसला. आंत कांचेचा बारीक तुकडा होता. दिवसभर त्यावर चालूनही त्याला पत्ता नव्हता. त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखविल्यामुळें पाय बचावला.

धडा सोपा आहे. तळवे, टाचा व बोटांच्या बेचक्या रोज उजेडांत पाहाव्या. पाय कोमट पाण्यानें धुवावे. पाण्याची ऊब दुसऱ्यानें आपल्या कोपरानें पाहावी. बेचक्या टिपून कोरड्या कराव्या; तेल तळव्यांस लावावें, बेचक्यांत लावूं नये. नखें सरळ कापावीं. भोंवरीस पातें लावूं नये, पाय शेंकूं नये, जोडा झटकून घालावा. यंत्राजवळ पडलें असतां पोटरीखालीं उशी घेऊन टाच अधांतरीं ठेवावी. फोड, काळेपणा, लाली, दुर्गंधि यांपैकीं कांहींही दिसल्यास, दुखत नसलें तरी, त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. दुखत नाहीं हीच तर भीति!

स्पर्श उरला आहे कीं नाहीं, हें पाहण्याची एक युक्ति इंग्लंडांतील इप्सविच येथील वैद्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केली. रुग्णानें डोळे मिटावे आणि दुसऱ्यानें दोन्ही पायांचा अंगठा, मधलें बोट व करंगळी यांच्या टोकांस बोटानें क्षणभर हळूच स्पर्श करावा. सहांपैकीं दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहींत, तर पाय बधिर झाला असें समजावें. यास उपकरण लागत नाहीं. नातवंडालाही हें करतां येतें.

रुग्णांस मी आतां “काळजी घ्या” असें सांगत नाहीं, कारण त्या शब्दांतून कृति निघत नाहीं. मी विचारतों, “काल तुमचे पाय कोणीं पाहिले?” उत्तर “घरचे पाहतात” असें आलें, तर तें मी चूक धरतों. पत्नी, सून, मुलगा, नातू, कोणाचें तरी एक नांव आलें पाहिजे, आणि तें माणूस गांवीं गेलें तर त्याच्या जागीं दुसरें नांव. ज्या घरीं असा रुग्ण आहे, त्यांनीं हें नांव आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर ठरवून टाकावें.